दोन उजवे हात

एस्तेर, तुझ्या शेवटच्या चित्रात दोन्ही हात उजवे आहेत.

पेटीच्या पट्ट्यांवरचा हात उजवा आहे, तो बरोबर. पण मागे भात्यावर टेकलेला हातही उजवाच आहे. अंगठ्याची जागा आणि मनगटाचं वळण पडताळायला मी माझे दोन्ही हात कागदाशेजारी धरून पाहिले. आधी टेबलावर, मग खिडकीच्या उजेडात, मग आरशासमोर. उत्तर बदललं नाही. जिनं आयुष्यभर हात काढले, तिच्या शेवटच्या कागदावर एका माणसाला दोन उजवे हात आहेत. आणि असं का, हे जिला विचारायचं, ती तूच.

तुला जाऊन अजून महिना झालेला नाही. तुझ्यावर दोन ठिकाणी छापून आलं. दोन्हीकडे जन्म, शिक्षण, नोकऱ्या, सगळं आहे. एकात तुझ्या गावाचा तालुका चुकला होता. मी फोन करून दुरुस्ती कळवली. तिथल्या मुलीनं विचारलं, आप उनकी कौन हैं? मी म्हणाले, सहकारी. फोन ठेवल्यावर बराच वेळ तो शब्द बरोबर आहे की नाही, हे ठरवत बसले.

आपलं शेवटचं काम वरवर सोपं होतं. एक लांबलचक कागद, त्याच्या घड्या, आणि प्रत्येक घडीत पेटीच्या प्रवासातला एक मुक्काम. चित्र तुझं, मजकूर माझा. जहाजातून आलेली, पायानं भाता मारायची परदेशी पेटी. तिचे पाय काढून तिला जमिनीवर बसवणारे कोलकात्याचे कारागीर. मग संगीत नाटक, तमाशाचा फड, कव्वाली, गुरुद्वारा, गणपतीची आरती. पुण्याचा अभिजित हे घडीपुस्तक मराठी मुलांसाठी छापणार होता. मी सुचवलं की पहिल्या घडीपासून शेवटच्या घडीपर्यंत एक बाण काढू, म्हणजे पेटी कुठून कुठे गेली ते मुलांना एका नजरेत कळेल.

तू पेन्सिल खाली ठेवलीस. म्हणालीस, बाण काढला की माणसं फक्त टोकाकडे बघतात. मी म्हणाले, बाणाशिवाय इन्फोग्राफिक म्हणजे नुसती चित्रं. तू म्हणालीस, 'नुसती चित्रं' हे शब्द पुन्हा तोंडातून आले तर चहा तू करायचा. चहा मी केला. बाण निघाला नाही.

चेहराही निघाला नाही. कुठल्याच घडीत चेहरा नको, फक्त पेटी आणि मनगटापर्यंत हात, हा तुझा नियम. चेहरा आला की मुलं आधी तो कोणाचा ते विचारतील, मग मिशी काढतील, मग पान उलटतील, असं तू अभिजितला सांगितलंस. तो हसला आणि मान्य करून बसला. दुसरा नियम त्याहून कडक होता. फोटोवरून हात काढायचा नाही. ज्याचा हात, त्याच्यासमोर बसायचं. बातमीला जसा उगम लागतो, ती कुठून आली ते, तसा तुला हाताला लागायचा. दिल्लीच्या वृत्तपत्रात ग्राफिक डेस्कवर आपण शेजारी बसायला लागलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात तुझे कार्यालयातल्या शिपायापासून संपादकांपर्यंत सगळ्यांचे हात काढून झाले होते. माझे सोडून. मी विचारलं तेव्हा म्हणालीस, तुझे हात सारखे कापत असतात, दुसऱ्यांची वाक्यं.

तू डावखुरी. मी उजवी. तुझ्या डाव्या बाजूला माझी खुर्ची. म्हणजे आपली कोपरं दिवसभर एकमेकांना लागायची. जागा बदलून घेऊ, असं मी कितीदा म्हणाले. तू म्हणायचीस, राहू दे, संपादकीणबाई, लागलं की कळतं तू जागी आहेस.

फरीदाबादच्या गुरुद्वाऱ्यात तू डोक्यावर ओढणी घेऊन पेटीवर कीर्तन करणाऱ्या रागींच्या समोर जमिनीवर बसलीस. मी मागे, वही घेऊन. कीर्तन संपल्यावर पेटीवरचे म्हातारे रागी तुझ्याकडे आले. त्यांना वाटलं होतं तुला गाणं शिकायचं आहे, इतकं एकटक तू पाहत होतीस. पण तू सगळा वेळ त्यांच्या भात्यावरच्या डाव्या हाताकडे पाहत होतीस, आणि ते त्यांच्या लक्षात आलं होतं. म्हणाले, बेटा, सब इधर देखते हैं, तू उधर क्या देख रही थी? तू म्हणालीस, बाबाजी, साँस तो उधर से आ रही है ना. त्यांनी तुला जास्तीचा कडाह प्रसाद दिला. मला नेहमीचाच.

परतीच्या मेट्रोत मी तुला म्हणाले, की सगळ्या घड्यांमध्ये भात्यावरचा हात इतक्या बारकाईनं काढायचं कारण मला समजत नाही. सूर उजव्या हातातून येतात, मुलांना तेच बघायचं असणार. तू माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालीस, त्या हाताकडे कोणीच बघत नाही गं. एवढंच. मी ते कलेतलं काहीतरी समजले.

मानेसरची गोष्ट मला पुन्हा पुन्हा आठवते. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यातले कामगार रविवारी एका खोलीत जमून भजन करायचे. पेटीवर बसणारा दरभंग्याकडचा होता, लेथवर काम करायचा. त्याच्या डाव्या अंगठ्याचं नख काळंनिळं पडलं होतं. तू काढायला बसलीस तसा तो लाजला. म्हणाला, दीदी, नाखून ठीक कर देना, घर पे दिखाऊँगा. तू म्हणालीस, नाखून बदल दूँगी तो हाथ किसका रहेगा? बाकीचे हसले. आपला वाद बसमध्ये झाला. मी म्हणाले, त्याच्या नखाशी पेटीच्या इतिहासाचा संबंध नाही, दुरुस्त करून टाक, माणूस खूश होईल. तू म्हणालीस, जे दिसलं ते खोडायला मी तुझ्या डेस्कवर बसत नाही. पुढच्या रविवारी तू पुन्हा गेलीस, माझ्याशिवाय. त्याला घरी न्यायला दुसरं चित्र दिलंस, गुलाबी नख असलेलं. पुस्तकात मात्र काळं नखच राहिलं. हे मला तू सांगितलं नाहीस. तुझ्या दफनाला तो आला होता, त्यानं सांगितलं.

रेडिओच्या घडीवर आपण सगळ्यात जास्त भांडलो. पेटीला मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, जमत नाही, म्हणून कित्येक वर्षं ती रेडिओवरून हद्दपार होती, हे मुलांना कसं दाखवायचं? मी रेडिओवर लाल फुली मारायला सांगितली. तू एक पेटी काढलीस, तिच्यावर खोळ घातलेली, आणि त्या घडीत दुसरं काहीच काढलं नाहीस. हातसुद्धा नाहीत. मी म्हणाले, हे कोणाला कळणार? आपण मयूर विहारच्या आपल्या सोसायटीतल्या मराठी मुलांना बोलावून कच्ची प्रत दाखवली. त्यांनी वाचलं आणि एका मुलीनं विचारलं, आंटी, खोळ म्हणजे? मी सांगितलं. ती म्हणाली, तो कव्हर लिखो ना. तू इतकी हसलीस की तुला खोकला आला. तेव्हा तो नुसता खोकला होता. मग त्याच मुलीनं चित्राकडे बघून विचारलं की पेटीला कोणी शिक्षा केली आहे का. तू माझ्याकडे वळून पाहिलंही नाहीस. मला कळलं मी हरले. 'खोळ' हा शब्द मात्र मी ठेवून घेतला. अर्धा अर्धा निकाल.

एक घडी तू वर्षभर टाळलीस. चर्चची. नगरकडच्या ख्रिस्ती मंडळींमध्ये पेटीवर मराठी भजनं, ओव्या, कीर्तनं होतात हे मला तुझ्यामुळेच कळलं. तुझे वडील, तुझे नाना, गावच्या चर्चमध्ये पेटी वाजवतात, एवढं तू कधीतरी बोलता बोलता सांगितलं होतंस. मी तेवढंच धरून बसले. ही घडी नसेल तर पेटीचा इतिहास अपुरा राहील, असं मी तुला लेखी कळवलं, जणू तू माझी वार्ताहर होतीस. तू म्हणालीस, माझं घर आकृतीत नको. मी विचारलं, का? म्हणालीस, लोक म्हणतील, संधी मिळाली तशी हिनं आपली माणसं घुसवली. मी म्हणाले, मग दुसऱ्या चर्चची काढ. तू म्हणालीस, दुसऱ्या चर्चमध्ये मी ज्यांच्यासमोर बसले ते हात नाहीत. दर महिन्याला मी पुन्हा विचारायचे आणि तू म्हणायचीस, बघू.

मग खोकला नुसता राहिला नाही. त्याच्याबद्दल मी लिहिणार नाही. फक्त इतकंच, की सलाईनची सुई उजव्या हाताला टोचा असं तू प्रत्येक नर्सला बजावत होतीस. डावा हात कामाचा आहे, म्हणून. एक केरळी नर्स म्हणाली, मॅडम, अभी तो छुट्टी लो. तू म्हणालीस, छुट्टी ही तो है, सिस्टर.

शेवटच्या आठवड्यात एका दुपारी तू मला एक फोल्डर दिलंस. उघडायला लागले तर हातावर हात ठेवलास. घरी जाऊन बघ, म्हणालीस, इथे बघितलंस तर तू काहीतरी बोलशील आणि मला ऐकावं लागेल. लेबलं गुरुवारी आपण दोघी मिळून लावू. मी निघाले, दारापर्यंत पोचले तेव्हा तू हाक मारलीस. म्हणालीस, तुझी वाक्यं नीट उभी असतात. हे मी तुला कधी बोलले नाही.

इतक्या वर्षांत तू माझ्या लिहिण्याबद्दल म्हटलेलं हे एकमेव चांगलं वाक्य. मी ते ऐकलं आणि म्हणाले, झोप आता. गुरुवार आला नाही.

तुझी आई आली, मामेभावाबरोबर. नानांना प्रवास झेपणार नव्हता म्हणून ते आले नाहीत. दफन दिल्लीतच झालं. तुझ्या आईला मी काकू म्हणते; त्या तुझ्या फ्लॅटवर चार-पाच दिवस राहिल्या आणि गेल्या. त्या असेपर्यंत मी फोल्डर उघडलं नाही. त्या गेल्यावर उघडलं.

आत चर्चची घडी होती. तू काढली होतीस, मला न सांगता. जुनी पेटी, एका कडेची पट्टी झिजून वाकलेली. मागे खिडकीची चौकट, त्यातून आलेला उन्हाचा तुकडा. आणि दोन उजवे हात.

मी ते स्कॅन करून अभिजितला पाठवलं. काही लिहिलं नाही. मला वाटत होतं मी चुकत असेन. अर्ध्या तासात त्याचा फोन आला. बिचारा आधी तुझ्याबद्दल बोलला, मग म्हणाला, ताई, भात्यावरचा हात. मी म्हणाले, हो. तो म्हणाला, ताई, आजकाल चित्रात बोट जरी वाकडं दिसलं तरी लोक म्हणतात मशीननं काढलंय. एस्तेरच्या नावावर असं यायला नको. इथल्या एका चांगल्या चित्रकाराकडून तो हात डावा करून घेतो, कोणाला कळणार नाही. नाहीतर घडीच गाळू. सोमवारी सकाळी फाईल छापायला जाते.

तो तुझं नाव वाचवायला बघत होता, हे मला कळत होतं. मीही तेच बघत होते. पण मला दुसरंच काहीतरी पोखरत होतं. तुला सांगते, कारण इतर कोणाला सांगितलं तर ते मला समजावतील.

तू हात चुकलीस, तर तू तेव्हा तू नव्हतीस. औषधांनी डावं-उजवं हरवतं का, हे मी तुझ्या डॉक्टरांना फोन करून विचारलं. ते म्हणाले, होऊ शकतं, त्या दिवसांत गोंधळ होऊ शकतो, तुम्ही त्याचं वाईट वाटून घेऊ नका. मी आभार मानले. मग बसून राहिले. फोल्डर आणि माझ्या लिहिण्याबद्दलचं ते वाक्य एकाच दुपारचं. हात औषधानं काढला असेल तर वाक्यही औषधानंच म्हटलं असणार. मला एक खरं आणि दुसरं खोटं असं करता येत नाही. उगम एकच आहे.

त्यानंतरचे दोन दिवस मी केलेल्या गोष्टी ऐकून तू हसली असतीस. सोसायटीतल्या गणेश मंडळाच्या खोलीची किल्ली घेतली. पेटी काढली. आरतीला वाजवतात ते बँकेतले कुलकर्णी काका माझ्यासोबत आले. उजव्या हातानं वाजवून उजव्याच हातानं भाता मारता येईल का, असं मी त्यांना विचारलं. त्यांनी आधी माझ्याकडे, मग पेटीकडे पाहिलं. म्हणाले, बाई, भाता उजव्यानं मारायचा तर पट्ट्यांवर डावा न्यावा लागेल, दोन्हीकडे उजवा कुठून आणू? तुम्ही घरी जा आणि काहीतरी खा. मग पट्ट्यांवरूनच काही कळतं का ते मी पाहिलं, कदाचित तुझा कागद स्कॅन होताना उलटा झाला असेल. पण काळ्या पट्ट्या दोन-तीन, दोन-तीन अशाच असतात, आरशातही तशाच. त्यांच्याकडून पुरावा मिळत नाही. शिवाय मूळ कागद माझ्याच टेबलावर होता. तो उलटा नव्हता, आणि असता तरी दोन्ही हात डावे झाले असते. मी फक्त सगळे रस्ते बंद झालेत ना ते तपासत होते. बातमी छापण्याआधी जसं करतात तसं. कामावर आम्ही एक नियम पाळायचो, तुला त्याचा राग यायचा: शंका असेल तर गाळा. नियमानं मी ती घडी गाळायला हवी होती. गाळली असती तर पुस्तकात तुझे लोक नसते, आणि तू शेवटी काय काढलंस ते माझ्याशिवाय कोणाला कळलं नसतं.

एकच जागा विचारायची राहिली होती, आणि तिथे विचारायचं धाडस होत नव्हतं. ज्या बाईची मुलगी नुकतीच गेली आहे, तिला फोन करून हात डावा की उजवा हे कसं विचारायचं? शनिवारी दुपारी केला. आधी जेवण झालं का ते विचारलं. नाना कसे आहेत विचारलं. काकू म्हणाल्या, बसलेत. मग मी सांगितलं की एस्तेरनं जाण्याआधी नानांच्या पेटीचं चित्र काढलं आहे, आणि त्यात एक शंका आहे. नाना भाता कोणत्या हातानं मारतात?

काकू म्हणाल्या, ते कुठं मारत्यात?

मला कळलं नाही. म्हणून त्यांनी नीट सांगितलं, एखाद्या लहान मुलाला सांगतात तसं. नानांचा डावा हात लहानपणापासून लुळा. पोलिओ. पेटी ते एका हातानं वाजवतात, उजव्या. भाता दुसऱ्यानं मारायचा. आधी त्यांची आई मारायची. लग्न झाल्यावर काकू. मग एस्तू बसायला लागली, समोरच्या बाजूला, पेटीच्या मागे. शाळेत जायच्या आधीपासून. गाव सोडून दिल्लीला निघाली त्या रविवारपर्यंत.

मी विचारलं, आणि आता? काकू म्हणाल्या, आता परत मीच.

मग त्या म्हणाल्या, "एक सांगू का पोरी. पहिलीला असताना शाळेत गुरुजींनी पेटी वाजवली. एकट्यानंच, दोन्ही हातांनी. ही घरी आली ती रडतच. म्हणाली, आई, गुरुजींचं कोणीच नाही का गं?"

मी फोन ठेवला आणि समोरचा कागद पुन्हा पाहिला. भात्यावरच्या हाताच्या पाठीवर एक पुसट चौकोन आहे. इतके दिवस मी तो खोडरबराचा डाग समजत होते. तो डाग नाही. ती सलाईनची चिकटपट्टी आहे. समोर बसल्याशिवाय तू हात काढत नव्हतीस; नानांच्या हातासमोर तू लहानपणभर बसली होतीस, आणि त्या पलंगावर तुझ्यासमोर हा एकच हात होता. डाव्यानं काढत होतीस, उजवा समोर होता. जे दिसलं ते खोडलं नाहीस.

तर तू चुकली नव्हतीस. हे कळल्यावर बरं वाटेल अशी माझी समजूत होती. वाटलं नाही, एस्तेर. हात खरा आहे, म्हणजे वाक्यही खरं आहे, म्हणजे तू पूर्ण शुद्धीत माझ्या वाक्यांबद्दल ते म्हणालीस आणि मी तुला झोप म्हणून सांगितलं. आता हे मी कोणाकडे दुरुस्तीला पाठवू? नानांच्या हाताचं तू मला कधीच का सांगितलं नाहीस, हेही विचारायचं आहे. मला वाटतं तू लपवलं नव्हतंस. सांगण्यासारखं त्यात काही आहे असं तुला वाटलंच नसणार. तुझ्या घरी पेटी अशीच वाजते. नवल बाकीच्यांचं, जे एकटे वाजवतात. तू एकट्यानं वाजवणाऱ्या इतक्या माणसांसमोर बसलीस, फरीदाबादला, मानेसरला, आणि दर वेळी तुझी नजर त्या दुसऱ्या हाताकडे गेली. मी शेजारी बसून मींड आणि बंदी लिहून घेत होते.

अभिजितला मी सगळं सांगितलं. त्यानं चित्र पुन्हा उघडून पाहिलं. मग म्हणाला, हात तसाच ठेवू. चौकोनही ठेवू. पण ताई, लेबल लागेल. लेबल नसेल तर वाचणाऱ्याला ती चूकच वाटणार, आणि मग काय म्हणतील ते तुला माहीत आहे.

आता मी तुझ्या दोन अटींच्या मधे उभी आहे. माझं घर आकृतीत नको, असं तू म्हणाली होतीस, आणि मग स्वतःच काढलंस. ते नाव देण्यासाठी काढलंस की फक्त काढण्यासाठी? लेबलं गुरुवारी लावू म्हणालीस, म्हणजे काहीतरी लावायचं तुझ्याही मनात होतं. काय ते तू सांगितलं नाहीस. काकूंना विचारलं तर त्या म्हणाल्या, तुम्ही शिकलेल्या पोरी, तुम्हाला कळतं.

मला कळत नाही. मी 'कलाकाराचे वडील' लिहिलं आणि खोडलं. 'बापलेक' लिहिलं, ते रडकं वाटलं, खोडलं. शेवटी मी तेच केलं जे मला येतं. एका हाताला रेघ ओढून लिहिलं, वाजवणाऱ्याचा उजवा हात. दुसऱ्याला रेघ ओढून लिहिलं, भाता मारणारीचा उजवा हात. नाव नाही, गाव नाही, नातं नाही. प्रत्येक शब्द पडताळलेला आहे.

तुला हे आवडणार नाही. तू म्हणाली असतीस, 'मारणारीचा' वाचताना मुलांची जीभ अडकेल. मी म्हणाले असते, अडकू दे, थांबून वाचतील. तू म्हणाली असतीस, रेघ ओढलीस की सगळे रेघेकडे बघतात, हाताकडे कोण बघणार? मी म्हणाले असते, रेघ नसेल तर तो हात चूक ठरेल. तू म्हणाली असतीस, ठरू दे यार, मला माहीत आहे ना कोणाचा आहे. त्यानंतर मी काय म्हणाले असते ते मला सुचत नाही, कारण इथपर्यंत आलो की तू नेहमी असं काहीतरी म्हणायचीस जे मला आधी सुचलेलं नसायचं. दोन्ही बाजू मीच लिहिते आहे आणि दोन्ही बाजू माझ्यासारख्याच वाटतात.

आज रविवार. तुझ्या गावी आत्ता चर्चमध्ये काकू पेटीच्या मागे बसल्या असतील. फाईल अजून माझ्याकडे आहे. उद्या सकाळपर्यंत लेबल पुसता येतं, शब्द बदलता येतो, रेघ उडवता येते. एकदा गेली की गेली. मला चूक ठरव. 'नुसती चित्रं' म्हणाले म्हणून चहा करायला लाव. कोपर मार. घाल ना वाद, एस्तेर.